रिकामी वाटी परत नाही

मैदान लीगमध्ये गेल्या हंगामात खेळाडूंच्या एकूण तीन अदलाबदली ठरल्या. त्यातल्या दोन मतदानात पडल्या, आणि तिसरी झाली ती अकोला संघाचे मालक डहाके सर यांचं बोट भलत्याच बटणावर पडलं म्हणून. सर त्या बोटावर अजून चिडून होते.

"मॅडम, लीग झोपून राहिली आहे," डॉ. रूपेश मेश्राम म्हणाला. तो लीग चालवणाऱ्या प्रयोगशाळेतला तिशीतला संशोधक, मूळचा भंडाऱ्याचा. वाईट बातमी द्यायची असली की समोरच्याला आधी चहा पाजायचा, अशी त्याची रीत होती. आज चहाबरोबर बिस्किटंही आली, तेव्हा प्रणिता वैरागडेने कपाला हात न लावता थेट विचारलं.

"किती दिवस आहेत?"

"अर्ध्या हंगामापर्यंत चाळीस अदलाबदली झाल्या नाहीत तर आमची समिती लीग बंद करणार. आम्हाला अभ्यासाला काही मिळूनच नाही राहिलं. अन् लीग बंद झाली की सगळे चालठसे पुसावे लागतात. परवानगीच्या कागदावर तसंच लिहून आहे."

प्रणिता सत्तावन्न वर्षांची, नागपुरातल्या एका शाळेत खेळाची शिक्षिका, आणि दोन वर्षांपासून या लीगची आयुक्त. आयुक्त हा मेश्रामचा शब्द. काम म्हणाल तर बारा संघमालकांची भांडणं सोडवायचं; त्यातला नागपूरचा संघ तिचा स्वतःचा.

मैदान लीग खऱ्या मैदानावर खेळली जात नसे. ती प्रयोगशाळेतल्या यंत्रात चालायची. खेळाडू मात्र खऱ्या माणसांपासून बनलेले होते. विदर्भातल्या जुन्या बास्केटबॉलवाल्यांनी आपापल्या माळ्यावरच्या कॅसेटी आणि सीड्या शोधून दिल्या होत्या. यंत्र ते चित्रण बघायचं आणि माणसाच्या हालचालीचा ठसा उचलायचं: धावताना भार कुठल्या पायावर असतो, चेंडू हातात आला की सोडायला किती वेळ लागतो, पास देण्याआधी डोळे कुठे जातात. चार-पाच सामने मिळाले की त्या वयातलं ते माणूस पडद्यावर पुन्हा धावू लागायचं. हाच चालठसा. बारा संघ, प्रत्येकाचा मालक एक जुना खेळाडू, आणि प्रत्येक संघात मालकाचा स्वतःचा तरुणपणीचा चालठसा. त्याला सगळे 'घरचा खेळाडू' म्हणत. गुडघ्याला पट्टा बांधून खुर्चीत बसायचं आणि समोर आपण स्वतःच उंच उडी मारतोय हे बघायचं, यातलं सुख पन्नाशी ओलांडल्याशिवाय कळत नाही.

घोडं अडलं होतं ते धाग्यांपाशी. यंत्रात प्रत्येक दोन खेळाडूंमध्ये एक न दिसणारा धागा असे. एकाचा पास दुसऱ्याला नीट मिळाला की तो जाड व्हायचा, सुटला की बारीक. हजारभर पास झाले की दोघांना एकमेकांकडे बघावंही लागत नसे. आपल्या मेंदूतही थोड्याफार फरकाने हेच चालतं. ज्या पेशी नेहमी बरोबर काम करतात त्यांची जोडणी पक्की होत जाते. पण खेळाडू दुसऱ्या संघात गेला की जुने धागे त्याच्यासोबत जायचे. मग तो जुना जोडीदार जिथे असायचा त्या जागी पास टाकायचा, तिथे कोणी नसायचं, आणि चेंडू मैदानाबाहेर. नवी सवय रुजायला पंधरा-वीस सामने जायचे. प्रयोगशाळेला नेमकं तेच बघायचं होतं. बदली होऊन आलेली नर्स किंवा अग्निशामक दलात नव्याने आलेला जवान नव्या तुकडीत लवकर कसा मुरेल, ते त्यातून समजणार होतं.

संघमालकांना मात्र पंधरा-वीस सामने हरायचे नव्हते. त्यामुळे कोणी कोणाला सोडत नव्हतं. वर नियम असा, की अदलाबदलीला बारापैकी सात जणांचा होकार हवा. आणि दुसऱ्याचं भलं होतंय अशी नुसती शंका आली तरी होकार द्यायचा नाही, एवढ्यावर मात्र बाराही जणांचं एकमत होतं.

घरी आल्यावर प्रणिता कांदा चिरत विचार करत होती. तिचा नवरा नरेंद्र ओट्यावरची भांडी मांडणीत लावत होता.

"ही पांढरीपांडे वहिनींची वाटी आठ दिवसांपासून इथेच पडून आहे. त्या दिवशी कोथिंबिरीची सांबारवडी दिली होती नं त्यांनी. देऊन येऊ का?"

"रिकामी?"

"मग काय, आत कविता लिहून देऊ?"

"रिकामी वाटी नाही देत कोणी परत. काहीच नसलं तर चमचाभर साखर टाकायची."

"म्हणजे त्यांनी दिलं म्हणून आपण द्यायचं, आपण दिलं म्हणून त्या पुन्हा देणार. हे थांबतं कधी?"

"थांबायसाठी नसतंच ते," प्रणिता म्हणाली. आणि हातातला कांदा अर्धवट ठेवून ती टेबलाशी जाऊन बसली. नरेंद्रने उरलेला कांदा चिरला. लग्नाला तीस वर्षं झाली होती, तेव्हा एवढं त्याला न सांगता समजायचं.

नवे नियम पाऊण पानात मावले. मतदान बंद. अदलाबदलीचे दर महिन्यातले ठरलेले दहा दिवसही बंद, वर्षभर दार उघडं. कोणालाही खेळाडू पाठवा. ज्याच्याकडे येईल त्याने तो ठेवून घ्यायचा आणि बदल्यात स्वतःच्या संघातलं कोणीतरी पाठवायचं. कोणाला पाठवायचं ते त्याचं तो ठरवेल, पण नाही म्हणायची सोय नाही. तीन दिवसांत काहीच परत आलं नाही, तर आलेल्याच्या तोलाचं काहीतरी यंत्रच निवडून पाठवेल. प्रत्येक वाटीसोबत, म्हणजे पाठवलेल्या खेळाडूसोबत, एक ओळ लिहिता येईल, आणि ती सगळ्यांना दिसेल.

"मॅडम, हे तर घरगुती झालं," डहाके सर बैठकीत म्हणाले. बाराही चेहरे पडद्यावर होते. "उद्या मी चांगला खेळाडू पाठवला अन् समोरच्याने कोपऱ्यातला दगड पाठवला तर?"

"तर तो साखर देणारा म्हणून सगळ्यांना माहीत होईल, सर. पुढच्या वेळी त्याला कोण वडी देणार?"

पहिल्या आठवड्यात नुसती साखर फिरली. बाकावर बसून असलेले, पळताना धापा टाकणारे खेळाडू या गावाहून त्या गावाला गेले आणि आले. मग वर्ध्याच्या एका बाईंनी डहाके सरांना खरोखरच चांगली खेळाडू पाठवली, सोबत ओळ लिहिली, 'तुमच्याकडे बचाव कच्चा आहे, हिला ठेवा.' सरांना रात्रभर झोप लागली नाही म्हणे. सकाळी त्यांनी आपला दोन नंबरचा मोहरा पाठवून दिला. तिथून जे सुरू झालं ते आवरेना. संघमालक एकमेकांना फोन करू लागले. 'हिला डावीकडे ठेवू नका, घाबरते,' असं पाठवणी केल्यासारखं सांगू लागले. गोंदियाचा एक उंच गडी आठ संघ फिरून पुन्हा गोंदियाला आला, तेव्हा त्याच्या मालकाने पेढे वाटल्याचा फोटो टाकला. दोन महिन्यांत चौतीस अदलाबदली झाल्या. मेश्रामने या वेळी नुसता चहा दिला, बिस्किटं नाहीत, यावरून सगळं ठीक असल्याचं प्रणिताने ओळखलं.

सगळं ठीक नव्हतं. अमरावतीची चारुलता देवतळे गप्प झाली होती.

चारू आणि प्रणिता विद्यापीठाच्या संघात चार वर्षं एकत्र खेळल्या. प्रणिता सात नंबर, चारू अकरा. दोघी एकाच डब्यात जेवायच्या आणि एकमेकींच्या घरी न विचारता राहायच्या. मग दोन हजार सात सालची फायनल आली. एका गुणाने मागे, शेवटचे सहा सेकंद, चेंडू प्रणिताकडे. डावीकडे चारू एकटी उभी होती. प्रणिताने पास दिला नाही, स्वतःच टाकला, आणि तो कडीला लागून बाहेर आला. हे खेळात होतं आणि विसरलंही जातं. पण नंतर प्रशिक्षक सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "चारूला का नाही दिला?" आणि एकवीस वर्षांच्या प्रणिताच्या तोंडून निघून गेलं, "चारू मोकळी नव्हतीच, सर." ऐन वेळी जागा घेत नाही असा शिक्का चारूवर बसला आणि राज्याच्या निवडीत तिचं नाव आलं नाही. सरांच्या कॅमेऱ्याचं चित्रण होतं, पण कॅमेरा चेंडूमागे वळला होता आणि चारू चौकटीबाहेर राहिली होती. त्या दिवसापासून चारूने अबोला धरला. त्याला आता छत्तीस वर्षं झाली होती.

लीगमध्ये चारू आली ती प्रयोगशाळेच्या पत्रामुळे. आयुक्त कोण हे तिला सही केल्यावर समजलं. प्रणिता तिला दर महिन्याला अदलाबदलीचा एखादा प्रस्ताव पाठवायची. बारा-पंधरा मिनिटांत उत्तर यायचं: 'नाही.' एवढंच. पण छत्तीस वर्षांत तेवढं तरी येत होतं, आणि प्रणिता त्या शब्दाची वाट बघायची. हे तिने नरेंद्रलाही सांगितलं नव्हतं. लीग बंद झाली असती तर तिला खरं दुःख झालं असतं ते त्या 'नाही'चं.

आणि नव्या नियमात 'नाही' हा शब्दच उरला नव्हता. तो प्रणितानेच काढून टाकला होता.

शेवटी तिने आपल्या संघातली सगळ्यात भारी खेळाडू, चार नंबरची, चारूकडे पाठवली. ओळीच्या जागी काय लिहावं ते सुचेना, म्हणून 'नमस्कार' लिहिलं. एक दिवस गेला, दोन गेले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती शाळेतून आली, तर तिच्या संघाच्या यादीत एक नवं नाव आलं होतं. अकरा नंबर. चारुलता देवतळे, वय एकवीस.

तिने थेट मेश्रामला फोन लावला. "अरे, तिची घरची खेळाडू कशी काय पाठवली यंत्राने?"

"तुमच्या चार नंबरच्या तोलाची त्यांच्याकडे तीच एक होती, मॅडम. घरचा खेळाडू वगळायचा असं नियमात कुठे लिहून आहे?"

कुठेच लिहिलेलं नव्हतं. शेजारणीची वाटी भरताना कोणी घरातली मुलगी उचलून देत नाही, हे इतकं उघड होतं की लिहायचं तिला सुचलंच नव्हतं. बाराही मालकांनी नियम चार-चारदा वाचले होते, आणि कोणालाच ते खटकलं नव्हतं.

"आयुक्त म्हणून तुम्ही हे रद्द करू शकता," मेश्राम म्हणाला. "पण एक रद्द केलं की बाकीचे पण मागतील. चौतीसची दहा व्हायला वेळ नाही लागणार."

प्रणिताने रद्द केलं नाही. लीगसाठी, असं तिने मेश्रामला सांगितलं. खरं कारण तिला पक्कं माहीत होतं: तरुणपणीच्या त्या सात आणि अकराला पुन्हा एकत्र खेळताना तिला बघायचं होतं. चारूला तिने विचारलं नाही. विचारायला हवं होतं, हे तिला त्या क्षणीही समजत होतं.

शनिवारी संध्याकाळी चंद्रपूरशी सामना होता. नवीन आलेला खेळाडू पहिल्या सामन्यात चाचपडतो, म्हणून बाकीचे मालक मजा बघायला जमले होते. पण पहिल्याच मिनिटाला सात नंबरने मागे न बघता चेंडू सोडला आणि तो थेट अकराच्या हातात गेला. मेश्राम फोनवरूनच ओरडला. चालठसे घेताना यंत्राने जुन्या सामन्यांतून त्या दोघींचा धागाही उचलला होता. चार वर्षांच्या सरावाने विणलेला, अख्ख्या लीगमधला सगळ्यात जाड.

"मॅडम, ह्या दोघी आहेत का एकच बाई आहे?" डहाके सरांनी लिहिलं.

प्रणिता हसत होती आणि तिचे डोळेही भरून आले होते. नरेंद्रने तिच्याजवळ खुर्ची ओढली. पडद्यावर दोन वेण्यांची, सडपातळ चारू पळत होती, हात उंचावून चेंडू मागत होती, आणि तिला तो मिळत होता.

शेवटचे सहा सेकंद उरले तेव्हा प्रणिताचा संघ एका गुणाने मागे होता. चेंडू सात नंबरकडे. अकरा डावीकडे, एकटी.

"दे," प्रणिता पडद्याला म्हणाली.

सात नंबरने चेंडू स्वतःच टाकला. तो कडीला लागून बाहेर आला.

सामना संपला की यंत्र शेवटच्या खेळीची नोंद सगळ्यांना दाखवायचं. ती आली: '७ च्या दृष्टीत ११: होय. ११ मोकळी: होय. निर्णय: स्वतः टाकणे.'

"पास द्यायला पाहिजे होता नं, मॅडम," डहाके सरांनी लिहिलं, आणि पुढे हसरा चेहरा टाकला. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत.

दुसऱ्या दिवशी प्रणिता प्रयोगशाळेत गेली. "एकदाच तसं झालं असेल," ती म्हणाली. "त्या जागेवरून पुन्हा खेळवून बघ."

मेश्रामने तेच सहा सेकंद शंभरदा खेळवले. दहा मिनिटंही लागली नाहीत. "एकोणचाळीस वेळा पास दिला, एकसष्ट वेळा स्वतः टाकला. म्हणजे ठरलेलं असं काही नाही, मॅडम. सवय म्हणजे बटण नव्हे. दर वेळी दोन्ही रस्ते उघडे असतात."

"आणि दिसली किती वेळा?"

मेश्रामने आकडा बघितला. "दर वेळी."

प्रणिताने मान हलवली. छत्तीस वर्षं तिने स्वतःला समजावलं होतं की कदाचित दिसली नसेल, गर्दी होती, घाम डोळ्यांत होता. आता तिच्याच एकवीस वर्षांच्या अंगाने शंभरदा साक्ष दिली होती. आश्चर्य म्हणजे तिला हलकं वाटलं. चहाला नको म्हणून ती घरी आली आणि अमरावतीला पाठवायची वाटी भरायला बसली.

तिने अकरा नंबर परत ठेवला. सोबत सात नंबर ठेवला. तिची घरची खेळाडू, तिची उंच उडी, तिचे न दुखणारे गुडघे. मग खालची ओळ लिहिली, जी बाराही जणांना दिसणार होती: 'चारू, फायनलला तू मोकळी होतीस. मला दिसली होतीस. मी सरांना खोटं सांगितलं. दोघींना एकत्र खेळव. प्रणिता.'

"सगळ्यांना दिसेल हे," नरेंद्र तिच्या खांद्यावरून वाचत म्हणाला.

"खोटंही सगळ्यांसमोरच बोलली होती मी."

तिने वाटी पाठवली. यादीतून सात आणि अकरा दोन्ही ओळी गेल्या आणि संघ एकदम रिकामा दिसायला लागला. थोड्या वेळाने डहाके सरांचा फोन आला. "माझ्याकडून एक वाटी पाठवून राहिलो, मॅडम. परत काही नका पाठवू," ते म्हणाले. ते नियमात बसत नाही असं तिने सांगितलं, तेव्हा म्हणाले, "मग साखर पाठवा."

एक दिवस गेला. दुसऱ्या दिवशी ती शाळेत सहावीच्या मुलींना उभ्याउभ्या पास द्यायला शिकवत होती, तेव्हा फोन थरथरला. उरलेला तास तिने तो खिशातून काढला नाही. आत काय असेल याची तिला खरंच भीती वाटत होती. मुली पाणी प्यायला गेल्यावर तिने बघितलं.

अमरावतीहून वाटी परत आली होती. आत सात नंबर होता, जसा पाठवला तसा. खाली ओळ होती, आणि चारूचं लिहिणं अजून तसंच होतं, एका दमात सगळं:

'४ नंबर ठेवून घेते, बरी आहे. ११ पण राहू दे घरी. ही ७ मात्र परत घे, मला ही नको, खरी पाहिजे. रविवारी सकाळी येऊन राहिली. चेंडूत हवा भरून ठेव.'

मेश्रामचा निरोप त्याच्याखालीच होता: चाळिसावी अदलाबदल नोंदली गेली, लीग चालू राहील. प्रणिताने तो संध्याकाळी वाचला.

रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर चारू गाडीतून उतरली. केस पांढरे आणि अगदी आखूड, चालताना उजवा पाय थोडा जपून. प्रणिताने तिला फाटकापासूनच ओळखलं. चेहऱ्यावरून नव्हे, खांदे हलवण्यावरून. दोघी समोरासमोर आल्या.

"हवा भरली?" चारूने विचारलं.

"भरली."

"मग उभी काहून आहेस?"

प्रणिताने चेंडू आपटत नेला. तिचे पाय तिला बरोबर त्याच जागी घेऊन गेले, आणि चारूही न सांगता डावीकडे जाऊन थांबली. मैदानात तिसरं माणूस नव्हतं. टोपली समोर होती, आणि खरं सांगायचं तर टाकायचा मोह तिला आताही झाला. तिने डावीकडे बघितलं, चारूला नीट दिसेल असं बघितलं, आणि पास दिला.

चारूने तो झेलला, गुडघे वाकवले, कण्हली, आणि उडी न मारता चेंडू टाकला. चेंडू कडीला काय, फळीलाही लागला नाही. पलीकडच्या नळाशी जाऊन पडला.

चारूने कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघितलं.

"मी मोकळी नव्हतीच," चारू म्हणाली.

प्रणिताला इतकं हसू आलं की तिला खाली बसावं लागलं. मग चारूने हात दिला, तो धरून ती उठली, आणि चेंडू आणायला धावत गेली. गुडघ्यांचं काय ते घरी गेल्यावर बघता आलं असतं.